शिवणीजवळचं बोटभर

मित्रांनो, मी एक जुनी कटिंग मशीन आहे. कागद कापणारी. म्हातारी बिचारी, अडगळीत पडली असेल, अशी माझी कीव करत ऐकायला बसला असाल, तर आधीच सांगते, मी मजेत आहे. मला रोज पुसतात.

माझं अंग बिडाचं, पातं पोलादी आणि डोक्यावर मोठं चाक. चाक फिरवलं की दाबपट्टी खाली येऊन गठ्ठा घट्ट धरते. मग दांडा ओढायचा, की पातं उतरलंच. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या प्रकाशनाच्या मागच्या खोलीत मी तीस वर्षं पुस्तकांच्या तीन बाजू कापल्या. चौथी बाजू शिवणीची. तिच्या वाटेला जायचं नाही, हा तिथला नियम होता.

मला चालवणाऱ्या बाइंडरांचे हात सदा खळीने बरबटलेले, म्हणून सगळे त्यांना खळमामा म्हणत. खिडकीपाशी प्रूफबाई बसत. निघालेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत त्यांच्या कपाटात असे, तिला फाइल कॉपी म्हणत. छापून झाल्यावर चूक सापडली, की पुढच्या आवृत्तीसाठी बाई ती त्या प्रतीत पेन्सिलीने टिपून ठेवत. टिपायच्या त्या शिवणीजवळच्या बोटभर समासात. बाहेरच्या समासात अंगठा लागून अक्षर पुसतं, असं त्यांचं म्हणणं.

डबा खाताना मामा चेष्टा करत, "बाई, तुम्ही चुका लिहिता की लपवता? पुस्तक उलटं मोडल्याशिवाय दिसत नाहीत!"

"ज्याला काम आहे तो मोडेल की," असं म्हणून बाई त्यांच्या डब्यात चटणी वाढत.

मग मालक थकले आणि त्यांच्या लेकीने कारभार हाती घेतला. तिला सगळे मॅडम म्हणू लागले. मॅडमनी छपाई बंद केली. आता पुस्तकं पडद्यावर निघणार होती. मुलाने उत्तराला बोट लावायचं, बरोबर असेल तर टाळ्या वाजणार, चुकलं तर एक अस्वल रडणार. जुन्या पुस्तकांचं कम्प्युटरवर काहीच नव्हतं, तेव्हा फाइल कॉप्या स्कॅन करायचं ठरलं.

"मामा, शिवण कापून पानं सुटी करा," मॅडम म्हणाल्या. "चांगलं बोटभर घ्या, म्हणजे पानं अडकत नाहीत. आणि काळजी करू नका, तुम्हाला मी ठेवून घेणार आहे."

बाई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. पहिलं आलं तिसरीचं गणित. मामांनी ते उघडलं, पेन्सिलीचं अक्षर पाहिलं आणि त्यांचा चाकावरचा हात थांबला. एक फोन केला असता तरी पुरलं असतं. पण ते पुटपुटले, "आपण सांगकामे. नसती उठाठेव कशाला?" त्यांनी चाक फिरवलं. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. तीस वर्षं जी बाजू मना होती, ती अखेर माझ्या पात्याखाली आली होती. चार दिवसांत कपाट रिकामं झालं. कातरण रद्दीत गेली.

नवी पुस्तकं शाळांत पोचली. एका वर्गात मुलांनी सातव्या गणिताला आठ हे उत्तर दिलं. उत्तर आठच होतं, पण जुन्या छपाईत नऊ पडलं होतं, तेच पडद्यावर गेलं. चाळीस अस्वलं एकदम रडायला लागली. एक लहान मुलगीही रडली. शाळेने सगळी पुस्तकं नाकारली.

मॅडमनी बाईंना माझ्यासमोरच उभं केलं. बाईंच्या डोळ्यांवर अजून काळा चष्मा होता.

"इतकी वर्षं तुम्ही तपासत काय होता?"

"यातली एकेक चूक मी लिहून ठेवली होती. फाइल कॉपीत, शिवणीजवळ. मामांना विचारा ना, त्यांना माहीत आहे."

"काय हो मामा?"

मामांनी माझ्या चाकावरची धूळ झटकली. "मला नाही बुवा काही दिसलं."

"मामा, अहो..." एवढंच बाईंच्या तोंडून आलं.

"उद्यापासून येऊ नका," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई आपली उशी आणि भिंग न्यायला आल्या. मामा तेव्हा मला तेल देत होते. छपाई बंद झाल्यावर मॅडमना मला दर्शनी दालनात शोभेला मांडायचं होतं ना! दाबपट्टीखाली कातरणीची एक पट्टी अडकलेली निघाली. तिच्यावर बाईंच्या अक्षरात होतं: 'गणित ७. उत्तर आठ हवे.' खाली सहा वर्षांपूर्वीची तारीख.

"येते हो मामा," बाई दारातून म्हणाल्या.

मामांनी पट्टी मुठीत घेतली. "या बाई. जपून जा, पायरी ओली आहे."

बाई जपून गेल्या. मामांनी पट्टीची घडी केली, तेलात बुडवली आणि त्या घडीने माझं पातं लख्ख पुसलं.

आता शाळांच्या सहली मला पाहायला येतात आणि मामा माहिती सांगतात. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा. वेळच्या वेळी तेल द्या, गंज चढू देऊ नका. माझ्याकडे पाहा, कशी चकाकते आहे.

परवा एका मुलीने माझ्या पात्याकडे बघून मामांना विचारलं, "आजोबा, हे कधी कुणाला लागलं का हो?"

"नाही गं बाळ," मामा म्हणाले. "कधीच कुणाला नाही."