वजनात न बसलेला श्वास

मित्रांनो, मी एक जुना रेग्युलेटर आहे. तुमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीवर बसतो तो माझा दूरचा भाऊ. मी समुद्रात उतरणाऱ्या माणसाच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीला जोडला जातो. टाकीतली हवा फार दाबाची असते. ती मऊ करून, माणसाला झेपेल तेवढीच त्याच्या तोंडात देणं हे माझं काम. सध्या मी टेंभुर्णीत, ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, एका खिळ्याला लटकलो आहे. इथे समुद्र नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पितळेचं अंग, वर चकचकीत मुलामा, काळ्या रबरी नळ्या. माझा पहिला मालक अंदमानात लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवायचा. तो काम सोडून निघाला तेव्हा त्याने मला दैवशालेला विकलं. दैवशाला ही टेंभुर्णीच्या कारभारी नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. गावच्या विहिरीत पोहायला शिकली, जालन्यात कॉलेज केलं, आणि पुढे समुद्रात उतरायचं शिक्षण घेतलं. गावात कुणाला ते नीट कळलं नाही. "पोरगी पाण्यात बुडायची नोकरी करती," असं म्हणून लोक हसायचे. ती मात्र माझ्या भरवशावर वीस मीटर खाली जायची आणि हसत वर यायची. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस.

विमानप्रवासाची बॅग भरावी तर दैवशालेने. टाकी ती कधीच नेत नसे, ती तिकडेच मिळते. पोहताना पायात घालायचे रबरी पंख बॅगेच्या कडेने उभे, त्यात चष्म्याची डबी, वर पोहण्याचा रबरी सूट. सुरी मोठ्या बॅगेत, कारण ती हातातल्या बॅगेत चालत नाही. विजेरीचे सेल मात्र काढून हातातल्या बॅगेत. आणि मी कायम तिच्या हाताशी. माझ्या नळ्यांना मुरड पडू नये म्हणून ती त्यांची मोठी वेटोळी करी, आणि तोंडात धरायचा भाग स्वच्छ मोज्यात घालून ठेवी. एकदा विमानतळावर तपासणाऱ्या माणसाने विचारलं, हे काय आहे? तिने मला तोंडात धरून श्वास घेऊन दाखवला. तो माणूस हसून म्हणाला, जा बाई. असा माझा मान होता.

गेल्या हंगामाआधी ती सुट्टीला घरी आली. तिला अंदमानातल्या एका बेटावर शिकवणाऱ्याची जागा मिळाली होती. अट एकच, सगळं सामान स्वतःचं हवं. तिने किती वर्षं या जागेची वाट पाहिली होती ते मला विचारा.

निघायच्या दिवशी गावातले वजनदार गृहस्थ अण्णासाहेब एक गाठोडं घेऊन आले. त्यांचा भाचा पोर्ट ब्लेअरला नोकरीला. त्याच्यासाठी कुरडया, शेवया आणि ज्वारीचं पीठ. आपल्याकडे गावातून कुणी दूर निघालं की त्याच्याबरोबर चार घरांची गाठोडी निघतात. नाही म्हणायची रीत नाही.

विमानतळाच्या वाटेवर जीप जुन्या जालन्यात थांबली. ओळखीचे आडते हरिओमशेठ, त्यांच्या दुकानात धान्याच्या काट्यावर बॅगा तोलायच्या होत्या. दैवशाला शेजारच्या गल्लीत द्वारकाबाई मावशीच्या पाया पडायला गेली. मोठी बॅग वजनात जेमतेम बसली. हातातली बॅग गाठोडं घालताच सात किलोंच्या मर्यादेवर गेली. कारभारीने चेन उघडली आणि मला बाहेर काढलं.

"अहो, हे तर पोरीच्या कामाचं सामान दिसून राह्यलं," हरिओमशेठ म्हणाले.

"नळ्या तिकडं बी भेटत्यात की. अण्णासाहेबाला न्हाई कसं म्हनू? त्यांच्या भाच्याशी पोरीच्या लग्नाचं बोलनं चालू हाये."

"मंग तिला विचारा तरी."

"विचारलं तं भांडंल. सोडा."

मला पोत्यात गुंडाळून जीपच्या सीटखाली सारलं. दैवशाला आली. बॅग हातात घेताच तिला फरक कळला.

"आबा, माझा रेग्युलेटर?"

"मोठ्या ब्यागेत टाकला. बिलकुल बराबर बसवलाय."

तिने मोठ्या बॅगेकडे पाहिलं. कारभारीने ती तोवर सुतळीने आवळून बांधली होती. "जल्दी कर बाई, उशीर होऊन राह्यला," तो म्हणाला. वडिलांच्या तोंडावर बॅग उघडून पाहणं तिला बरं वाटलं नाही. जीप निघाली, आणि मी तिच्याच सीटखाली, तिच्या टाचेला लागून, विमानतळापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो.

दुसऱ्या दिवशी कारभारीच्या पुतण्याला, राधेश्यामला, ट्रॅक्टरमधून डिझेल ओढायला नळी हवी होती. त्याने मला पाहिलं आणि विळ्याने माझी नळी कापली. ज्या वाटेने मी माणसाला श्वास देत आलो, त्या वाटेने डिझेल गेलं. मला वास येत नाही म्हणतात. मित्रांनो, त्या दिवशी आला.

बेटावर पोचल्यावर दैवशालेचा फोन आला.

"आबा, मोठी ब्याग उघडली. न्हाई त्यात."

"मंग घरी राह्यला आसंल गडबडीत."

"तुम्ही बसवला म्हनलते ना?"

कारभारी म्हणाला, "उद्या पाठवतो." कापलेली नळी कशी पाठवणार? तो रोज उद्यावर ढकलत राहिला. ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. दैवशालेला ठेवलं ते समुद्रातून वर आलेल्यांचं सामान गोड्या पाण्यात धुवायला. दुसऱ्यांचे रेग्युलेटर ती हंगामभर धूत होती. आणि अण्णासाहेबांच्या भाच्याने गाठोडं न्यायला यायचीही तसदी घेतली नाही. इथं सगळं मिळतं, म्हणाला.

दिवाळीला ती आली आणि शेडमध्ये मला तिने पाहिलं. नळीचं तोंड तिने नाकाशी नेलं.

"कुनी कापली?"

"राध्यानं. मला न्हवतं ठाव," कारभारी म्हणाला. आई सगुणाबाई दारात उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, तिनेही खरं सांगितलं नाही.

परतीची बॅग दैवशालेने दार लावून भरली. कारभारी बाहेर घुटमळत होता. "वजन करून आनू का?" त्याने विचारलं.

"नको आबा. ब्यागेला हात लावू नका." एवढंच, आणि तेही हळू आवाजात.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं की वस्तू जपा. नळी काय, नवी मिळते. मला दुसरंच सांगायचं आहे. दुसऱ्याच्या बॅगेतून काही काढाल तर आधी त्याला विचारा. विचारलं नसेल, तर त्याने विचारल्यावर तरी खरं सांगा. त्या दिवशी आडत्याच्या दुकानात आबांनी खरं सांगितलं असतं, तर ती फार तर दहा मिनिटं भांडली असती आणि मला घेऊन गेली असती. आता ती त्यांच्याशी भांडतही नाही.