ओराझिओच्या हातातली किल्ली

सुनेत्रा गेल्याचं मला दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कळलं. तेव्हा मी बूट घालून दारात उभा होतो.

जानेवारी २०२१. आम्हा दोघांनाही कोविड झाला होता. ती इस्पितळात, मी उइटहॉर्न या डच गावातल्या आमच्या घरात. दहा दिवस बाहेर पडायचं नव्हतं. आठव्या दिवशी नर्सचा फोन आला. "तुम्ही येऊ शकता, आम्ही सूट देऊ. पण लवकर या."

माझे अजून दोन दिवस राहिले होते आणि व्हिसाचा अर्ज अडकलेला होता. या देशात नऊ वर्षांत मी सायकलवरूनसुद्धा सिग्नल मोडलेला नाही. म्हणून बाहेर पडू का, हे विचारायला मी आरोग्य खात्याला फोन लावला. तेवीस मिनिटं ताटकळलो. मध्ये इस्पितळाचे दोन फोन आले. माझा नंबर जाईल म्हणून ते घेतले नाहीत. शेवटी बाई म्हणाल्या, "अशा वेळी जाता येतं." मी बूट घातले. तेवढ्यात इस्पितळाचा तिसरा फोन आला.

सुनेत्रा इटलीच्या इतिहासावर संशोधन करायची. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ती एक गोष्ट लिहीत होती. १६५६ सालचं रोम. प्लेग आला म्हणून पोपच्या हुकमानं ट्रास्टेव्हेरे वस्तीभोवती भिंत घातली जाते. ओराझिओ तिथल्या दारावरचा पहारेकरी. नोकरी पोपची, राहतं घरही पोपचंच. बायको लाव्हिनिया आईची शुश्रूषा करायला गेलेली, ती आत अडकते. तापानं फणफणलेली ती दाराशी येऊन त्याला हाक मारते. गोष्ट तिथं थांबली आहे.

डिसेंबरात तिनं मला ती वाचून दाखवली होती.

"सांग, तो दार उघडेल का?"

"आधी पोपला विचारेल."

"शैलेंद्र, अरे बायको मरतेय त्याची!"

"मग अर्जावर 'तातडीचं' असं लिहील."

ती खोकला येईपर्यंत हसली. "तुझ्यावर बेतलाय मेला," म्हणाली. "शेवट तूच सांग मला."

परवा मंडळातल्या ऋजुताचा फोन आला. यंदा अंक तिच्याकडे आहे.

"दादा, वहिनींची गोष्ट पहिल्या पानावर घेतेय. शेवट तेवढा तुम्ही लिहून द्या. तुमच्याशी बोलल्या असतीलच ना त्या?"

"बोलली होती."

"उघडतोच ना तो दार?"

त्या तेवीस मिनिटांबद्दल मी कुणालाच सांगितलेलं नाही. ऋजुतालाही नाही. "बघतो," म्हणालो.

त्यानं दार उघडलं असं लिहिलं, तर ते मी लिहिलेलं खोटं होईल. नाही उघडलं असं लिहिलं, तर लाव्हिनिया पुन्हा माझ्याच हातून मरेल. काल सुनेत्राच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली. ओराझिओनं किल्ली हातात घेतली.

अंक शुक्रवारी छापायला जातो. पुढची ओळ लिहायची राहिली आहे.