खादाड आणि नऊ अंश

खादाडबद्दल बंदरात कुणालाही विचारा, हातातलं काम टाकून गोष्ट सांगायला बसेल. दोन बेटांमधलं ते पाणी. तिथे म्हणे जहाजं आख्खीच्या आख्खी गडप होतात, फळकूटसुद्धा वर येत नाही. कुणाच्या आजोबांनी धुक्यात रिकामं जहाज चालताना पाहिलेलं, कुणाच्या मेहुण्याने पाण्याखालून घंटा ऐकलेली. स्वतः पाहिलेला माणूस मात्र कधीच भेटायचा नाही.

सुईकाकांना या थापांचा भारी राग. जहाजांची होकायंत्रं जुळवून देणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा, नावही त्यावरूनच पडलेलं. "माणसांनी चुका करायच्या आणि पाण्याला नावं ठेवायची," ते सुनवायचे. "चूक शोधा. सापडते."

असं बोलायचा त्यांना हक्क होता, कारण कामात माणूस कमालीचा काटेकोर. जहाजाचं लोखंड सुईला आपल्याकडे ओढतं. होकायंत्राखाली छोटे लोहचुंबक बसवून ती ओढ मोडून काढायची, हे त्यांचं काम. म्हणून जहाजावर चढताच ते किल्ल्या, घड्याळ, बक्कल, सगळं एका लाकडी डबीत काढून ठेवत. खलाशी चेष्टा करत, "काका, सोन्याचा दात राहिला." काका म्हणत, "सोनं चालतं. तुझं डोकं लांब ठेव, त्यात गंज आहे."

त्यांचा एकुलता एक मुलगा एका जुन्या मालवाहू जहाजावर कप्तान होता. बारा दिवसांपूर्वी ते जहाज खादाडमध्ये शिरलं. बॅटरीवरच्या रेडिओवरून शेवटचा निरोप आला, "वीज गेली, यंत्रं बंद. बाबांनी लावलेल्या होकायंत्रावर चाललोय. काळजी नको." नंतर काहीच नाही.

शोधणाऱ्या बोटींनी ठरलेला मार्ग विंचरून काढला. बंदराने मान हलवली, खादाड म्हणजे खादाडच. आता उद्यापासून शोध बंद होणार होता.

त्या सकाळी सुईकाका घरातल्या कामाच्या खोलीत गेले. बारा दिवसांत त्यांनी कशालाच हात लावला नव्हता. टेबलावर एक जुनं होकायंत्र होतं. सवयीने त्यांनी खिसे डबीत रिकामे केले, फडकं घेतलं आणि काच पुसायला वाकले. सुई हलली. ते मागे झाले, सुई परत जागेवर. पुन्हा पुढे झाले. सुई पुन्हा त्यांच्याकडे वळली.

त्यांनी सदरा वर केला. कमरेला कापडी पट्टा होता. सुनेने आणलेला, कंबरदुखीवरचा, आत लोहचुंबक शिवलेले. मुलाचं जहाज जुळवायच्या आदल्या संध्याकाळी तिने तो बांधला होता, आणि कंबर अशी काही गप्प झाली की पट्टा अंगावर आहे हेच ते विसरून गेले. किल्ल्यांची आठवण चाळीस वर्षांची होती, पट्ट्याची एका दिवसाची. होकायंत्रापुढे नेहमीच्या जागी उभं राहून त्यांनी मुलाचं जहाज स्वतःच्या कमरेशी जुळवलं होतं. ते उतरल्यावर सुई खोटं बोलू लागली. आणि इतर यंत्रं चालू असताना जुन्या सुईकडे बघतो कोण?

ते मटकन खाली बसले. मीच मारलं, मीच, एवढंच डोक्यात फिरत होतं.

सून चहा घेऊन आली. बारा दिवसांत निम्मी झाली होती बिचारी. "खाली का बसलात? कंबर दुखतेय?"

"नाही."

"पट्टा लागू पडला म्हणायचा. तेवढं तरी माझ्या हातून चांगलं झालं." कप ठेवून ती म्हणाली, "बाबा, सगळे म्हणतात खादाडने नेलं. तुमचा नसेल विश्वास. पण मला बरं वाटतं. कुणाची चूक नव्हती म्हणजे."

ती गेल्यावर काकांनी पट्टा घालून आणि काढून सुईचा फरक मोजला, जहाज जुळवलं त्या दिवशीच्या टिपणाशी ताडून पाहिला. नऊ अंश. मग नकाशावर रेघ ओढली. रेघ ठरल्या मार्गापासून दक्षिणेला सुटत सुटत एका उघड्या खडकाशी गेली. तिकडे कुणी शोधलंच नव्हतं.

गप्प बसावं तर पोरगा त्या खडकावर. सांगावं तर सून जन्मभर स्वतःचे हात बघत बसणार. काका तसेच उठून बंदराच्या कचेरीत गेले आणि अधिकाऱ्यापुढे नकाशा ठेवला.

"इथे बोट पाठवा. होकायंत्र नऊ अंश चुकीचं होतं. मी चुकवलं."

"काका, तुम्ही? कसं काय?"

"खिशात किल्ल्या राहिल्या."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं आणि बोट पाठवली.

तिसऱ्या दिवशी बोट परतली. खडकावर फाटका तराफा होता, पावसाचं पाणी धरायला ताणलेली ताडपत्री होती, आणि आडोशाला चार देह. एक मुलाचा. दगडावर त्याने रोज एक रेघ ओढली होती. रेघा तेरा होत्या. म्हणजे काका कचेरीत उभे होते तेव्हा तो जिवंत होता.

देह आले आणि किल्ल्यांची गोष्ट एका तासात बंदरभर झाली. संध्याकाळी सून कामाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. रडून डोळे कोरडे झालेले.

"किल्ल्या होत्या खिशात?"

"हो, पोरी. म्हातारा झालो."

"जहाज जुळवलंत त्या दिवशी किल्ल्या तुम्ही घरी विसरला होतात, बाबा. संध्याकाळी दार वाजवलंत. मीच उघडलं."

ही गोष्ट काकांच्या लक्षातच राहिली नव्हती. सुनेची नजर खोलीभर फिरली, टेबलावरच्या होकायंत्रावर आली, शेजारी काढून ठेवलेल्या कापडी पट्ट्यावर आली आणि तिथेच थांबली. तिने पट्टा उचलला. तिच्या हाताबरोबर सुई हलली.

"बाबा," ती म्हणाली, "खादाड आहे म्हणा ना."

"आहे," सुईकाका म्हणाले. "आहे, बाळा."

तिने पट्टा पुन्हा होता तिथे ठेवला.