धाकटीचं माहेर

"जायला तुम्हाला कोण अडवतंय? प्रश्न परत यायचा आहे," कचेरीतला साहेब म्हणाला.

"आई आहे हो माझी. शेवटचं तोंड बघून येते."

"तिकडे जिवाला धोका, म्हणून या देशाने तुम्हाला आसरा दिला. तुम्हीच आपण होऊन गेलात, सुखाने राहून आलात, तर धोका कुठे राहिला? येताना सीमेच्या नाक्यावर विचारतील. पटलं तर घेतील."

बाहेर आल्यावर धाकटीने मला विचारलं, "जाऊबाई, साहेब हो म्हणाला की नाही?"

"दोन्ही म्हणाला."

धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. गडबडीच्या साली आम्ही दोघींनी एकाच ट्रकमध्ये, एकाच ताडपत्रीखाली सीमा ओलांडली. मग सगळा जन्म इस्पितळाच्या धुलाईघरात गेला. मी इस्त्रीवर, ती रफूवर. तिचं रफू उजेडात धरलं तरी सापडत नसे. जीभ मात्र कात्रीसारखी. मुकादमही तिला वचकून असे. पण माहेराबद्दल कोणी ब्र काढायचा नाही. भाऊजी चिडवायचे, "हिच्या माहेरी साखरसुद्धा जास्त गोड!" "आहेच मुळी," ती म्हणायची. आमची घरं जाळणारे त्याच गावचे होते. तिच्या लेखी ते कुठून तरी आलेले.

ती माहेरी गेली. आई गेली त्या दिवशी तिचा फोन आला.

"आईला नेलं, जाऊबाई. मी मागच्या खोलीत कडी लावून बसले होते. दादा म्हणाला, हुंदकासुद्धा काढू नकोस, पुढच्या गल्लीत तीच माणसं राहतात. तोंडात रुमाल कोंबला होता मी."

"नाक्यावर हेच सांग," मी म्हटलं. "अगदी हेच. एक शब्द कमी नको."

"सांगते."

ती परत आली त्या दिवशी भाऊजी आणि मी नाक्यावर गजांच्या अलीकडे उभे होतो. पलीकडे दोरीपाशी तिला पोचवायला आलेला दादा. सगळं इतकं जवळ, की कोणी खाकरलं तरी ऐकू यावं. तिची पिशवी तपासणीच्या यंत्रातून सरकत आमच्या बाजूला आली. तिला मात्र टेबलापाशी थांबवलं.

अधिकारी तरुण मुलगी होती, बोलायला मऊ. "तिकडे कोणी त्रास दिला?"

धाकटीने मागे पाहिलं. दादा मान खाली घालून उभा होता.

"त्रास? माहेरी?"

"लपून राहावं लागलं का?"

"सांग गं," भाऊजी पुटपुटले.

"छे हो! भावाने तळहातावर ठेवलं. आईला पोचवायला अख्खा गाव लोटला होता. मी सगळ्यांत पुढे होते."

"अगं, खरं सांगून टाक!" दादा ओरडला.

"तू गप रे, दादा."

मुलीने लेखणी खाली ठेवली. "बाई, नीट आठवा. मी पुन्हा विचारते."

"पुन्हा विचारलंत म्हणून माझं माहेर बदलणार आहे का?"

मुलीने आमच्याकडे पाहिलं. मी गजांतून हात जोडले. तिने नजर वळवली. "मग तुम्हाला इथे आसरा द्यायला कारणच उरत नाही," ती म्हणाली. "मागे व्हा. पुढचे या."

धाकटी हलली नाही. मग मागच्या माणसाला वाट हवी म्हणून बाजूला झाली.

"घरी जा आता," ती भाऊजींना म्हणाली. "उन्हात उभे राहू नका."

भाऊजींनी तिची पिशवी उचलली, झटकली आणि पहाऱ्यावरच्या शिपायापुढे धरली.

"तिला द्या. चष्मा यात आहे. सुईत दोरा ओवायला लागेल तिला."