कनकीची मूठ

“मूठ आधी, आधण मंग. इसरू नोको, बाई.”

सुशीलाबाईंचा हा आवाज माझ्या पितळेत अजून राहिला आहे. मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज, म्हणजे उभट पातेले आहे. भंडाऱ्याच्या कासाराने मला ठोकून ठोकून गोल केले आणि सुशीलाबाईंच्या लग्नात मी मोहाडीला आलो. कितीतरी वर्षे माझ्यात वरण शिजले. पुढे घरात स्टीलची भांडी आली, तेव्हा वाटले, आता माळ्यावर धूळ खायची. पण सुशीलाबाईंनी मला चुलीशेजारी पाटावर मांडले आणि देवाचे काम दिले. त्याबद्दल मी त्यांचा आणि देवाचा फार ऋणी आहे.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत आहे. भात टाकण्याआधी कोरड्या तांदळातून एक मूठ प्रभूच्या नावाने बाजूला काढायची. रविवारी घराघरांतली ही मूठ प्रार्थनामंदिरातल्या पिंपात जमते आणि उपासनेनंतर आजारी, एकट्या माणसांच्या घरी पोचते. सुशीलाबाई माझ्यात मूठ टाकताना डोळे मिटून पुटपुटत, “तुझंच तुले, देवा.” एवढे ऐकायला मी सकाळची वाट पाहत असे.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळे झाले, त्याच्या पुढल्या वर्षी सुशीलाबाई देवाघरी गेल्या आणि मूठ त्यांच्या सुनेकडे, भावनाकडे आली. भावना वाईट नव्हती हो. पण त्या वर्षी घरात पाहुण्यांची वर्दळ फार, तांदळाचा डबा भराभर खाली जायचा. एका सकाळी तिचा हात शेजारच्या कनकीच्या डब्याकडे गेला. कनकी म्हणजे गिरणीत तुटलेला तांदूळ. आमच्याकडे ती बहुतेक कोंबड्यांना टाकतात.

“पिंपात पडलं का सारं एकच,” ती स्वतःशीच म्हणाली.

मग रोजच तसे होऊ लागले. शनिवारी ती वरून चांगल्या तांदळाचा थर पसरायची, म्हणजे झाकण उघडणाऱ्याला अख्खे, पांढरे दाणेच दिसावेत. मला सगळे ठाऊक होते. पण भांड्याने कुणाला सांगावे?

एका रविवारी मंडळीचे वडीलधारे पुढारी हिरालालभाऊ यांनी पिंपात हात घातला आणि ओंजळ वर धरली.

“प्रभूले कनकी कोन खाऊ घालून राहिलं?”

मग एकेक नजर मागच्या कोपऱ्यात बसलेल्या सुमनबाईंकडे वळली. त्या एकट्या, राइस मिलमध्ये झाडझूड करायच्या आणि मजुरीत त्यांना कनकी मिळायची.

“ज्याच्या घरी जे, तेच आनन ना थो,” कुणीतरी हसत म्हणाले.

सुमनबाई उठल्या. “मी कनकी खाते, बापा. देवाले नाही देत,” एवढेच म्हणाल्या आणि पदर सावरून बाहेर पडल्या.

मी तेव्हा भावनाच्या मांडीवर होतो. तिची बोटे माझ्या काठावर आवळली. तोंड मात्र उघडले नाही.

सुमनबाई पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सुशीलाबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा रोज येऊन त्यांना आंघोळ घालणाऱ्या याच सुमनबाई.

भावनाने कनकी बंद केली. चांगल्या तांदळाची मोठी मूठ टाकू लागली. पण ‘तुझंच तुले’ म्हणायला जायची आणि ओठ मिटायचे. मूठ तेवढी माझ्यात पडायची, प्रार्थना नाही.

अशात कल्हईवाला तुलाराम गल्लीत आला. भावनाने मला त्याच्यापुढे ठेवले.

“आतून घासून आना, बाई. कळंक केवढा चढला.”

“वरूनच मारून द्या ना, भाऊ. घाई हाय.”

“मळावर कथील धरत नाही. आज चमकन, उद्या पोपडे निघतीन. अन् शिव्या कोनाले? तुलारामले.”

ती मला घेऊन पायरीवर बसली. चिंच लावली, राख लावली. घासता घासता माझ्या तळाच्या कडेला तिला काही काळे दाणे चिकटलेले दिसले. ओलीने धरून राहिलेली कनकी. ती नखाने एकेक दाणा काढू लागली आणि मध्येच थांबली.

“देवा, मी माहं पाप त्या बाईच्या माथी मारलं,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्यात पडले. कितीतरी दिवसांनी तिची प्रार्थना माझ्यापर्यंत पोचली होती.

मग तुलारामने मला निखाऱ्यांवर धरले, नवसागराचा पांढरा धूर निघाला, कथील फिरले. चटका बसला, पण मी आतून उजळलो. त्याच दुपारी मला काखेत घेऊन भावना सुमनबाईंच्या दारी गेली. त्या भाजी निवडत होत्या.

“सुमनबाई, थे कनकी माही होती.”

निवडणारे हात थांबले. “तुह्या सासूले मी न्हाऊ घातलं, पोरी. अन् त्या दिवशी तू तोंड नाही उघडलं.”

“नाही उघडलं. येत्या इतवारी सर्वांपुढं उघडीन.”

“हिरालालभाऊ महिनाभर तोंड वाकडं करन.”

“करू द्या.”

सुमनबाईंनी भाजी बाजूला सारली. मग आत जाऊन एक मडके घेऊन आल्या. त्यात अख्खा तांदूळ होता. “मूठ मी रोज काढतच होती. घेऊन जा मंदिरात.”

“नाही जी. तुमची मूठ तुमीच आना. मी घ्यायले येईन तुमाले.”

“पाहू,” सुमनबाई म्हणाल्या. पण मडके त्यांनी दाराजवळच ठेवले.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना नुसते वरून चमकवू नका, आतूनही घासा. स्वतःलाही तसेच. चूक थांबवली म्हणजे झाले, असे समजू नका. ज्याच्या माथी ती मारली, त्याच्या दारापर्यंत चालत जा. देव फार दयाळू आहे. माझ्यासारख्या जुन्या पितळेवरही तो पुन्हा कल्हई चढवतो.

रविवारी पहाटे भावनाने मूठ टाकली. डोळे मिटून म्हणाली, “तुझंच तुले, देवा.” मग मला उचलले, डोक्यावर पदर घेतला. मंदिराची वाट उजवीकडे होती. ती डावीकडे, सुमनबाईंच्या गल्लीकडे वळली.