दाराच्या पलीकडचा यमन

रेकॉर्डची बाजू संपली, सुई उचलली गेली आणि गुरुदत्त हळब्यांनी जिन्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं नेमक्या याच वेळी त्यांची बायको वसुधा चहा घेऊन बेसमेंटमध्ये उतरायची. मार्चमध्ये ती गेली. आता नोव्हेंबर संपत आला, तरी त्यांची मान वळायची काही थांबत नव्हती.

नोकरी त्यांनी डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत केली, पण जीव गुंतला तो नोव्हाय या उपनगरातल्या घराच्या या खोलीत. अँप्लिफायर स्वतःच्या हाताने जोडलेला, स्पीकरची लाकडी खोकी स्वतः तासलेली. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर एकच खुर्ची. तिथे बसलं की गाणारी बाई चार हातांवर बसून गातेय असं वाटे. रविवारी मनोहर आणि आणखी दोघे मित्र जमत, पाळीपाळीने त्या खुर्चीत बसत आणि केबल बदलल्यावर तंबोरा किती मोकळा झाला यावर तास तास वाद घालत. पुढे दोघे फ्लोरिडाला गेले. मनोहर तर कायमचाच गेला.

हल्ली यमन लावला की शेजारच्या लाँड्रीच्या खोलीत कोणीतरी स्टूल सरकवतंय असं त्यांना वाटे. उठून दार उघडलं की वॉशर, ड्रायर, रिकामं स्टूल, साबणाचा वास. परत येऊन बसावं, तर पाठीमागे पुन्हा कोणाची तरी चाहूल.

थँक्सगिव्हिंगला पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून मिहीर आणि सीमा आली. दुपारी मुलगा आणि सून सोफ्यावर बसली होती. आयपॉड एक, इअरफोनची एक गोळी त्याच्या कानात, दुसरी तिच्या.

"अरे, असं अर्धं अर्धं काय ऐकता?" गुरुदत्तांनी विचारलं. "तबला एकाला, सूर दुसऱ्याला."

"इट्स फाइन, बाबा," मिहीर म्हणाला.

सीमा हसली. "दोघांत मिळून होतं की पूर्ण."

मिहीरने गोळी कानातून काढली. "बाबा, स्प्रिंगमध्ये तुम्ही आमच्याकडे मूव्ह होणार. खालच्या सिस्टिमचं काय करायचं? आमच्या अपार्टमेंटमध्ये ते स्पीकर मावणार नाहीत. आणि खरं सांगू, एका जागी तासभर बसून ऐकायला आता वेळ कोणाला आहे?"

गुरुदत्त दोघांना घेऊन खाली गेले. सीमाने खोली नीट न्याहाळली.

"आई कुठे बसायच्या?"

"तिला यात इंटरेस्ट नव्हता गं. पण चहाची वेळ कधी चुकली नाही. इकडे बाजू संपायची, तिकडे ही जिन्यात."

सीमा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "त्या लाँड्रीत बसायच्या, बाबा. तिथून मला कधी कधी फोन करायच्या. म्हणायच्या, इथून शब्द कळत नाहीत, पण तबला पळायला लागला की मी वर चहा टाकायला जाते."

"मग आत का नाही आली?"

"मी विचारलं होतं. म्हणाल्या, नव्या घरात एकदा बसले होते, तर माझ्या बांगड्या वाजल्या."

गुरुदत्तांना तो रविवार आठवला. मनोहर खुर्चीत डोळे मिटून बसला होता. तोंडाने ते काहीच बोलले नव्हते. फक्त मागे वळून ओठांवर बोट ठेवलं होतं.

बराच वेळ ते अँप्लिफायरवरून हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "सीमा, तू बस खुर्चीत."

"मी? मला त्यातलं काही कळत नाही, बाबा."

"बस."

त्यांनी यमनची रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली, लाँड्रीत गेले आणि दार ओढून घेतलं. स्टुलावर बसले. आलाप भिंतीतच मुरून गेला. ज्या तंबोऱ्यासाठी त्यांनी तीस वर्षं केबली बदलल्या, तो तर नव्हताच. मग तबला सुरू झाला. दूर कुठेतरी कोणी कांडतंय तसा नुसता जड ठोका. कोणी असल्याचा भास इथे त्यांना झाला नाही. होते ते एकटेच. ठोका जलद होत गेला आणि थांबला.

मिहीरने दार उघडलं. त्याच्या मागे सीमा डोळे पुसत उभी होती.

"बाबा, आर यू ओके? या ना बाहेर."

"दुसरी बाजू लाव," गुरुदत्त म्हणाले. "आणि जाताना दार लोटून घे."