भाजलेली स्प्रिंग

ही, म्हणजे माझी बायको, गेली त्या सकाळी बेकरीवाला आमच्या कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात आमचाच पत्र्याचा ट्रे होता. ट्रेमध्ये चिमट्यांच्या स्प्रिंगा होत्या. त्या अजून गरम होत्या, म्हणून त्याने ट्रेखाली पिठाची रिकामी गोणी धरली होती. मी मशीनवर तारेचं नवं भेंडोळं चढवत होतो.

"वहिनी बाकावर बसल्या होत्या," तो म्हणाला. "ट्रे काढला आणि हाक मारली, तर..." मग त्याने ट्रे कुठे ठेवू, एवढंच विचारलं. मी फळीकडे बोट दाखवलं आणि धावत सुटलो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बाकावरच सगळं संपलं होतं.

आम्ही कपडे वाळत घालायचे चिमटे बनवतो. दोन लाकडी पट्ट्या आणि मध्ये तारेची स्प्रिंग. पट्ट्या कोणीही कापतो, चिमट्याचा जीव स्प्रिंगमध्ये. आमच्या गल्लीत घरोघरी हेच काम चालतं. तार मेहुण्याच्या कारखान्यातून येते. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. स्प्रिंगा वळून झाल्या की त्यांना मशीनचं तेल लागलेलं असायचं. पाव भाजून झाले की बेकरीच्या भट्टीत जी धग उरते, तिच्यात ही ते तेल वाळवून आणायची. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

ती गेल्यावर काही दिवसांनी मशीन सुरू केलं. बेकरीत जायला माझे पाय उचलेनात. तेल काय, लाकडाच्या भुशात घोळवलं तरी निघतं. मी तसंच करू लागलो. त्यानंतर दुकानदारांकडून खोकी परत यायला लागली. चिमटे आ वासून बसतात, गोधडी धरत नाहीत, वाऱ्याने कपडे रस्त्यावर जातात. एका गिऱ्हाइकाने म्हणे दुकानदाराकडून शर्टाची किंमत भरून घेतली.

आमच्याकडे स्प्रिंगा वळायला एक मावशी आहेत. वयाने माझ्याएवढ्याच, पण सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते. त्यांनी एक परत आलेला चिमटा नाकाला लावला, मान हलवली, तर तो खाली पडला. "हा नाकाला धरत नाही, तर गोधडीला काय धरणार," त्या म्हणाल्या. "तुमच्या मेहुण्याने तार पातळ केली का बघा."

मी मेहुण्याला बोलावून चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, "भाऊजी, तार तीच आहे. ताई होती तेव्हा एक खोकं परत आलं नाही. तुमचंच लक्ष उडालंय." यावर मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या भांडणामागे एक जुनी गोष्ट होती. मेहुण्याने कारखाना टाकला तेव्हा बाहेरच्या देशाची तार स्वस्त पडायची. त्याने सरकारकडे अर्ज केला, की आमचा कारखाना नवा आहे, उभा राहीपर्यंत बाहेरच्या तारेवर कर लावा. अशा अर्जावर सुनावणी होते आणि जे ती तार वापरतात त्यांनाही विचारतात. आमच्या गल्लीने हिला पाठवलं, कारण ही चार माणसांत बोलायला कचरायची नाही. हिने भावाच्या तारेचे चिमटे टेबलावर ठेवले आणि सांगितलं, "ही तार बाहेरच्या तारेच्या तोडीस तोड आहे." ते लिहून घेतलं गेलं. कर लागला.

पुढे कुठल्याशा देशाशी व्यापाराचा करार झाला आणि तयार चिमट्यावरचा कर जवळजवळ शून्यावर आला. तारेवरचा तसाच राहिला, आणि त्याच्या आडोशाने मेहुण्याची तारही महागच. म्हणजे आम्ही तार आणून चिमटा करायचा तर महाग, आणि तोच चिमटा आयता आणायचा तर स्वस्त. गल्लीतल्या एकाने मशीन मोडीत काढून चिमटे कंटेनरने मागवायला सुरुवात केली. त्याला आता सगळे कंटेनर म्हणतात. तोही त्या नावाला ओ देतो.

यंदा तारेवरच्या कराची मुदत संपत होती. पुन्हा सुनावणी लागली. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, की या वेळी मी जायचं आणि तारेवरचा कर काढा म्हणून सांगायचं. खराब चिमटे पुरावा म्हणून न्यायचे. मी एका पायावर तयार झालो. मेहुण्याचा कारखाना बुडतो का तरतो, याचा विचार करायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

नमुने जुळवायला बसलो तेव्हा स्प्रिंगा कमी पडल्या. मावशींनी फळीवरचा ट्रे काढला. त्या दिवसापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. त्यांनी त्यातल्या स्प्रिंगा बसवल्या आणि एकदम हात झटकला.

"चावला की हो."

मी त्या स्प्रिंगा उजेडात धरल्या. भुशात घोळवलेल्या आमच्या स्प्रिंगा चांदीसारख्या पांढऱ्या होत्या. या पिवळसर होत्या, गवताच्या वाळल्या काडीसारख्या. ही असताना सगळ्याच अशा यायच्या, पण तो वाळलेल्या तेलाचा रंग असं मी समजत होतो. आम्ही दोन्ही प्रकारचे चिमटे एका जाड फळीला लावून ठेवले. आठवड्याने काढले, तर पांढऱ्या स्प्रिंगांचे चिमटे उघडेच राहिले. पिवळ्या स्प्रिंगांचे खटकन मिटले. तार एकाच भेंडोळ्याची होती.

तेव्हा मात्र मी बेकरीत गेलो. बाक तिथेच होता. मी उभ्यानेच विचारलं, की ही इथे तेल वाळवायला यायची ना.

"तेल तर आत घातल्या घातल्या जळतं," बेकरीवाला म्हणाला. "वहिनी चांगल्या अर्धा तास थांबायच्या. पिवळट झाल्या की काढा, काळपट होऊ देऊ नका, असं मला बजावायच्या. पहिल्यांदा कितीतरी ट्रे वाया घालवले त्यांनी. वळलेल्या तारेला अशी धग दिली की ती वळण सोडत नाही, न दिली तर मरते, असं त्यांचं म्हणणं. बाहेरची तार तशीच धरून राहते, आमच्या भावाची भाजावी लागते, म्हणायच्या."

"मला कधी बोलली नाही."

"मी विचारलं होतं त्यांना. म्हणाल्या, यांना कळलं तर हे माझ्या भावाचं डोकं खातील. त्यापेक्षा मी बसते अर्धा तास." तो पुढे म्हणाला, "बसून माझ्या पोराच्या अभ्यासाच्या चुका पण काढायच्या."

घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की त्या सुनावणीत हिने ठेवलेले चिमटेही भाजलेल्या स्प्रिंगांचे असणार. कर लागला तो या बेकरीच्या भट्टीच्या जोरावर.

मेहुण्याला मी सगळं सांगितलं. त्याने चिमट्याची दोनदा उघडझाप केली. मग म्हणाला, "भाऊजी, बेकरीचं नाव तिथे काढू नका. तारेवरचा कर गेला तर माझं शटर खाली. माझ्याकडे माणसं आहेत. आणि ताईचा शब्द तिथे कागदावर आहे. ती गेली, आता तिचा शब्द तरी खोटा पाडू नका."

"कर होता इतकी वर्षं, तोवर तू काय केलंस? स्प्रिंगा भाजायची भट्टी घेऊन गल्लीत टाकली असतीस तर?"

"मला कुठे माहीत होतं? आणि बँक देते का? कंटेनरला देते, कारण त्याचा माल बंदरात उभा असतो, विकला की पैसे परत. भट्टीचं नाव काढलं की मॅनेजर चहा मागवतो आणि हवापाण्याच्या गप्पा मारतो."

"वरचा मजला बांधलास त्याला दिलं ना कर्ज?"

"घराला देतात हो," तो म्हणाला आणि त्याचा आवाज उतरला.

बँकेचं त्याचं म्हणणं मला नाकारता येत नव्हतं. पण बेकरीचं लपवलं तर गल्लीतला प्रत्येक जण न भाजलेले चिमटे करत राहणार, गिऱ्हाईक कंटेनरकडे जाणार, आणि मग मेहुण्याची तार तरी घेणार कोण? आणि कर काढा म्हटलं तर मेहुणा आज बुडणार. गल्ली त्यानंतर थोडा तग धरेल, पण तयार चिमटे येतच राहणार, म्हणून तोही फार दिवस नाही. हिने भावाला आणि मला दोघांना सांभाळलं होतं. ते एकटीने बाकावर बसून करता येत होतं, कारण आमचं घर एक होतं. सगळ्या गल्लीला ते पुरणार नव्हतं. मी सरळ सांगायचं ठरवलं.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल आणि भिंतीला लावलेल्या खुर्च्या. अध्यक्ष एक बाई होत्या. जुने कागद त्यांनी वाचलेले दिसत होते. मी तीन चिमटे ठेवले. एक बाहेरच्या तारेचा, एक मेहुण्याच्या तारेचा न भाजलेला, एक भाजलेला. मग बेकरीचं सांगितलं. मागे खुर्चीवर कंटेनर बसला होता. "म्हणजे आता सरकारने पावाच्या भट्ट्या घालायच्या का," तो म्हणाला, तसे लोक हसले. बाईही हसल्या, पण तिन्ही चिमटे त्यांनी आपल्या कागदाच्या गठ्ठ्याला लावून बघितले.

"तुमच्या पत्नीने तेव्हा वेगळं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ते खोटं होतं असं लिहू का?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मेहुणा जमिनीकडे बघत होता.

"अर्धं होतं असं लिहा," मी म्हणालो. "तार चालते हे खरं. ती कशाने चालते ते सांगायचं राहिलं. ते सांगायला मी आलोय."

"मग कर ठेवायचा की काढायचा?"

"दोन वर्षं ठेवा. पण मुदत घालून. तेवढ्यात गल्लीत सगळ्यांसाठी एक भट्टी झाली पाहिजे आणि त्यात तारेच्या कारखान्याने वाटा उचलला पाहिजे, कारण कराचा फायदा तो घेतो. मध्येच येऊन बघा. भट्टी दिसली नाही तर कर काढून टाका."

"भाऊजी," मेहुणा म्हणाला. मी थांबलो नाही.

"तारेवरच्या कराचे पैसे सरकारकडे जमा होतात. त्यातूनही काही भट्टीला मिळावेत. आणि तयार चिमट्यावरचा कर तारेपेक्षा कमी नसावा. नाहीतर भट्टी घालूनही आम्ही कंटेनरच मागवू."

बाईंनी लिहायचं थांबवलं. "तुम्हाला खोटी आशा लावत नाही," त्या म्हणाल्या. "तारेच्या कराबाबत मी शिफारस करू शकते. पैसे तिजोरीत गेले की कुठे खर्च करायचे ते या खोलीत ठरत नाही. आणि चिमट्यावरचा कर करारात बांधलेला आहे. त्या करारात आपल्या फळांना तिकडे वाट मिळाली, त्याच्या बदल्यात इकडच्या बऱ्याच वस्तू सोडल्या. चिमटा त्यातलाच एक. पुढच्या बोलणीत विषय मांडता येईल, तोवर नाही."

फळवाले कोण ते मला माहीत नाही. त्यांचंही पोट आहे, एवढं समजलं.

बाहेर आल्यावर मेहुणा फाटकापाशी उभा होता. "तुम्ही मला मुदत घालून दिलीत," तो म्हणाला.

"हो."

"ताईने नसती घातली."

"म्हणून तर ती रोज बेकरीत बसायची."

आम्ही बसथांब्यापर्यंत बरोबर चाललो. गल्लीत मला शिव्या बसणार होत्या, कारण कर काढा म्हणायला पाठवलेला मी ठेवा म्हणून आलो होतो. तशा बसल्याही. मावशी म्हणाल्या, तुम्हाला पाठवण्यापेक्षा चिमटेच पोस्टाने पाठवायला हवे होते. बस आली तेव्हा मेहुण्याने विचारलं, "पिवळसर म्हणजे नक्की किती?"

"सकाळी बेकरीत ये. दाखवतो."

तो आला. तेव्हापासून रोज सकाळी मी त्या बाकावर बसतो आणि तो भट्टीच्या तोंडाशी उभा राहून स्प्रिंगांचा रंग बघतो. गल्लीतल्या प्रत्येकाला एकेकदा बोलावून रंग दाखवला. मला शिव्या घालणारेही आले. पण पाव झाल्यावर उरलेल्या धगीत दोनच ट्रे होतात, त्यामुळे बाकीच्यांच्या स्प्रिंगा अजून पांढऱ्याच जातात.

निकाल आला. तारेवरचा कर दोन वर्षं राहणार, दुसऱ्या वर्षी कमी होणार, आणि भट्टी बघायला माणूस येणार. मेहुण्याने भट्टीच्या कर्जासाठी आपल्या वरच्या मजल्याचे कागद बँकेत दिले आहेत. मी कारखान्यातली मागची खोली रिकामी केली, मोडकी मशीनं विकली, जमीन विटांनी पक्की करून घेतली. धुराड्यासाठी भिंतीला भोक पाडून ठेवलं आहे.

बँकेचं उत्तर आलेलं नाही. भट्टी व्हायची आहे. तयार चिमट्यावरचा कर होता तेवढाच आहे.